तिसरा पेड

दोर वळणाऱ्यांच्या घरात सगळेच उलटे चालतात. घायपाताच्या पानांतून सोडवलेले धागे, म्हणजे वाख, ओटीत भरून घ्यायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं, समोरच्याने चाक फिरवायचं आणि आपण वाख सोडत सोडत मागे जायचं. नजर समोर आणि पाय मागे. वाटेत कुठे दगड आहे, कुठे मूळ वर आलंय, हे पायांना पाठ असतं. या घरातली मुलगी चालायला शिकली तीच मुळी अशी, असं तिची आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. वर म्हणायची, "सरळ चालायला नंतर शिकली. ते अजून जमलेलं नाही."

आत्याचं काम चाक फिरवायचं. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, चाकाशेजारच्या लाकडी ठोकळीवर बसली आणि तिथलीच होऊन गेली. तिचे हात दणकट होते आणि जीभ हातांहून दणकट. भाचीला तिने नाव ठेवलं होतं 'तुम्हीचबघा'. कारण पोरीला काहीही विचारा, उत्तर एकच. भाजीत मीठ बरोबर आहे का गं? तुम्हीच बघा. निळा कपडा घेऊ की हिरवा? तुम्हीच बघा. वाख भिजला का पुरेसा? तिने हात घालून बघितलेलं असायचं, तिला कळलेलंही असायचं, तरी तुम्हीच बघा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली तरी नाव काही सुटलं नाही. आई म्हणायची, "वन्सं, पोर मोठी झाली, आता तरी नावाने हाक मारा." आत्या म्हणायची, "बदलेन की. तिला आवडेल ते नाव सांगायला सांग." पोर म्हणायची, तुम्हीच बघा. मग सगळे हसायचे, पोरही हसायची.

कॉलेजात मात्र ती हसत नसे. तिथे तिला कुणी काही विचारतच नव्हतं, आणि तशी व्यवस्था तिने स्वतःच करून ठेवली होती. घायपाताची पानं पाण्यात कुजवल्याशिवाय त्यातून वाख निघत नाही, आणि कुजलेल्या पानांचा वास कपड्यांत, केसांत, नखांच्या मुळाशी जाऊन बसतो. पहिल्या वर्षी, अगदी पहिल्याच आठवड्यात, शेजारी बसलेल्या चष्मेवालीने नाक वर करून हवा हुंगली होती. "काहीतरी कुजलंय का गं इथे?" असं म्हणून तिने वाकून बाकाखाली बघितलं होतं. झालं एवढंच. चष्मेवाली विसरूनही गेली असेल. आपली पोर मात्र दुसऱ्या दिवशीपासून शेवटच्या बाकावर, खिडकीशी. तास सुटला की सगळे बाहेर पडेपर्यंत वहीत डोकं घालून बसायची. उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही, कारण हात वर केला की सगळे वळून बघतात, आणि बघता बघता श्वासही घेतात. रोज सकाळी लिंबाची साल घासून घासून तिने बोटांची सालं काढली होती. त्याने वास जात नव्हता, आग तेवढी व्हायची.

उन्हाळा सुरू झाला आणि एक दिवस कॉलेजचा शिपाई घरी आला. बाजारात त्याची आणि बाबांची ओळख होती. कॉलेजात खेळांचे सामने होते, रस्सीखेचीचा जुना दोर उंदरांनी खाल्ला होता, आणि खेळाच्या सरांना नवा हवा होता. बाबांचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"तुझ्या कॉलेजचा दोर!" ते पोरीला म्हणाले. "आपण करायचा! बरं, तू सांगितलंस का सरांना आपल्याबद्दल?"

सरांनी वर्गात येऊन विचारलं होतं, कुणाच्या ओळखीत दोर वळणारं कुणी आहे का म्हणून. तेव्हा ती खिडकीबाहेर बघत बसली होती. आता तिचं तोंड एवढंसं झालं. शिपायाने एकदा तिच्याकडे बघितलं आणि चहाचा कप तोंडाला लावला. भला माणूस होता.

दोर ठरला खरा, पण त्या साली सगळंच आडवं आलं. पानं ज्या डबक्यात कुजत घातली होती ते भराभर आटत चाललं होतं. पाणी गेलं आणि पानं उघडी पडली की वाख लाल पडतो, मग त्याचा दोर होत नाही. म्हणून पानं वेळेआधीच काढायला घेतली. बाबा, आई आणि पोर गुडघाभर चिखलात उतरले. दगडाखाली दाबलेल्या मोळ्या उपसायच्या, सपाट दगडावर ठेवून लाकडी मोगरीने ठेचायच्या, गर धुऊन टाकायचा आणि पांढरा वाख तारेवर टाकायचा. पाणी काळं, त्यावर फेस, आणि वास असा की कावळेसुद्धा लांबून वळून जायचे.

"आई," ठेचता ठेचता पोर म्हणाली, "पुढच्या वर्षी मी नाही जात कॉलेजला."

आईची मोगरी थांबली नाही. "का?"

"नाही जमत मला. घरीच बसेन. इथे काम काय कमी आहे?"

"नापास झालीस?"

"नाही."

"कुणी काही बोललं?"

"नाही गं. कुणीच काही बोलत नाही."

आईने मोळी उलटी केली. "दोर वळायचाय म्हणून घरी राहणार असशील तर राहा. मला बरंच आहे, सोबत होईल. पण लपायला म्हणून राहणार असशील, तर हे डबकं फार लहान आहे, बाई."

पोरीने पुढची मोळी उपसली. पलीकडून एकदम बाबांचा आवाज आला. अर्धवट कुजलेल्या पानाच्या टोकाचा काटा त्यांच्या उजव्या तळहातात घुसून मोडला होता. घायपाताचा काटा म्हणजे सुईच. त्यांनी तो दाताने ओढून काढला, चिखलातच हात धुतला आणि पुन्हा कामाला लागले. संध्याकाळी हात फुगला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चिरा दिला, हाताला भलंमोठं बँडेज गुंडाळलं आणि बजावलं, जखम भरेपर्यंत या हाताने काडीसुद्धा उचलायची नाही.

आता गाडं अडलं ते इथे. सूत कातायला पोर होती, चाकाला आत्या होती, दुसऱ्या टोकाला दोर ताणून धरणारी, दगड लादलेली फळी सांभाळायला आई होती. पण तीन पेड एकत्र वळताना मध्ये जो तीन खाचांचा लाकडी ठोकळा लागतो, तो घेऊन बाबा चालायचे. प्रत्येक खाचेत एक पेड. ठोकळा घट्ट धरून चाकाकडे जायचं, की मागे दोर तयार होत जातो. कुठला पेड ताठ, कुठला सैल, हे त्या धरलेल्या हाताला कळतं. तो हात आता गळ्यात अडकवलेला होता.

"ठोकळा तू घे," बाबा पोरीला म्हणाले.

"मी? मला नाही येत, बाबा."

"लहानपणापासून बघतेयस."

"बघणं वेगळं."

"मग दुसरं कोण घेणार? शिपायाला बोलावू?" आत्या चाकावरून ओरडली. पोरीने ठोकळा उचलला. बाबांच्या हाताने गुळगुळीत झालेला तो ठोकळा तिच्या बोटांना मोठा होत होता.

आधी पेड करायचे होते. घरामागे झाडांच्या रांगेत दोर वळायची लांबलचक मोकळी वाट होती. सकाळी तिथे सावली असायची आणि वाख ओलसर राहायचा. पहिला पेड छान झाला. दुसराही. पोर मागे मागे जात होती, आत्याचं चाक कुरकुरत होतं, बाबा बाजूने चालत निष्कारण सूचना करत होते आणि आई त्यांना गप्प बसा म्हणत होती. तिसऱ्या पेडाच्या वेळी ऊन झाडांमधून आत आलं आणि गरम वारा सुटला. पोरीच्या ओटीतला वाख बोटांखाली कुरकुरीत लागायला लागला. सुकलेला वाख पीळ धरत नाही, नुसता फुगून बसतो. हे तिला कळलं. त्याच क्षणी कळलं.

लांबून आत्याने हाक मारली, "वाख ओला आहे ना गं? का थांबू, पाणी मारतेस?"

थांबायचं म्हणजे सगळ्यांना खोळंबून ठेवायचं. आणि आपल्याला वाटतंय तेच बरोबर कशावरून?

"तुम्हीच बघा!" पोर ओरडली.

आता तेवढ्या लांबून आत्या काय बघणार, कपाळ? तिने चाक फिरवलं.

तिन्ही पेड वळून दुपारपर्यंत दोर तयार झाला. ठोकळा धरून चालताना पोरीचे दंड भरून आले, तळहाताला फोड आले, पण दोर झाला. जाड, पांढरा, लांबलचक. बाबांनी तो दोन झाडांत ताणून बांधायला लावला, मध्ये दगड लटकवला, आणि मागे सरून डोळे भरून बघितलं. "झाला बघ!" ते म्हणाले. "पहिल्या फटक्यात!" आईने तिच्या तळहातांना तेल लावलं. आत्यासुद्धा म्हणाली की बरा दिसतोय. या घरात आत्याने बरा म्हणणं म्हणजे पदकच.

उन्हं उतरल्यावर पोर एकटीच दोरापाशी गेली. तेल लावलेला हात तिने दोरावरून सरकवत नेला. सरकवत नेला आणि मधोमध थांबली. एक पेड बाकीच्या दोघांपेक्षा किंचित वर उचलून आला होता. दिसायला काही नाही. पण अंगठा दाबला की तो पोकळ लागत होता, आणि बाकीचे दोन दगडासारखे. तिने पुढे जाऊन बघितलं, मागे येऊन बघितलं. तिसरा पेड अर्ध्यापासून शेवटपर्यंत सैल होता.

कुणालाही कळणार नव्हतं. बाबा खूश होते, सगळे दमले होते, आणि वाख तरी कुठे उरला होता? डबक्यात गाळाखाली शेवटची एक मोळी होती, तेवढीच. गप्प बसायला काही करावं लागत नाही, आणि गप्प बसण्यात तर ती पटाईत. ती झाडाला टेकली. तिला शेवटचा बाक आठवला. मग या दोराला लटकलेली वर्गातली सगळी पोरं डोळ्यांसमोर आली, आणि दोर तुटल्यावर एकमेकांच्या अंगावर मातीत कोसळलेली. त्यात चष्मेवालीही होती, आणि तिचा चष्मा.

ती अंगणात आली. बाबा बाजेवर पडले होते, आत्या खांदे चोळत होती, आई तांदूळ निवडत होती.

"बाबा, दोर चुकलाय."

"काय?"

"तिसरा पेड सैल आहे. अर्ध्यापासून पुढे."

बाबा उठून झाडांपाशी गेले. त्यांच्यामागे सगळे. डाव्या हाताने त्यांनी दोर चाचपला, इकडून तिकडून, पुन्हा इकडून. "मला तर काही लागत नाही."

"डाव्या हाताला नाही कळणार."

"हा हात काय नुसता जेवायला आहे?" बाबा चिडले. हात ठणकत होता, अंगात कणकण होती. "चांगला दोर आहे. आणि खेळायचाच तर आहे. कुणाला विहिरीत थोडाच सोडायचाय?"

"बाबा, दोन्हीकडून पोरं लटकणार. सगळा भार दोनच पेडांवर येईल."

"एवढं काही होत नाही."

"होतं. तुम्हीच विकायला बसता तेव्हा गिऱ्हाइकाला हे सांगता."

बाबांनी दोरावरचा हात काढला. मग आत्या सुटली. "चाक फिरवून माझे खांदे निखळले, आणि तू आता सांगतेस? तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हाच कळलं होतं, आत्या. तुम्ही विचारलंत ना, वाख ओला आहे का? सुकला होता. मला माहीत होतं. मी 'तुम्हीच बघा' म्हणाले." तिची मान खाली गेली नाही. "माझी चूक आहे. पण दोर सैल आहे हेही खरं आहे."

आईने तांदळाचं सूप अजून हातातच धरलं होतं. ती म्हणाली, "ती म्हणतेय तर सैल असेल. तिच्या हातात ठोकळा होता, आपल्या नव्हता."

बाबांनी पुन्हा एकदा दोरावरून डावा हात फिरवला. मग थांबून पोरीकडे बघितलं, वेगळ्याच नजरेने, बाजारात आपल्या तोलाच्या माणसाशी बोलताना बघत तसं. "खरं सांगायचं तर या हाताला काही कळत नाही," ते म्हणाले. "तू सांग. उकलायचा?"

ते दोन शब्द तिच्या ओठांवर आले होते. इतक्या वर्षांची सवय, येणारच. आत्या तर टक लावून त्यांचीच वाट बघत होती.

"उकलायचा," पोर म्हणाली. "सकाळी. आणि वाख ओला आहे असं मी सांगेन तेव्हाच चाक फिरवायचं."

"बाई बाई!" आत्या म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळ्यांच्या आधी चाकापाशी जाऊन बसली ती हीच.

तोवर पोर डबक्यावर जाऊन आली होती. गाळात दंडापर्यंत हात घालून तिने शेवटची मोळी ओढून काढली, ठेचली, धुतली. उलटं चाक फिरवून दोर उकलला. उकलणं वळण्यापेक्षा जिवावर येतं, आपलंच काम आपल्या हाताने मोडायचं असतं. बिघडलेला पेड अर्ध्यावर तोडून तिने नवा वाख जोडला. ऊन आत यायला लागलं तशी ती ओरडली, "थांबा!" चाक थांबलं. बाबा पाण्याची कळशी डाव्या हातात घेऊन धावत आले. वाखावर पाणी मारलं, तिने बोटांनी बघितलं. "फिरवा!" चाक फिरलं. अशी ती बऱ्याचदा थांबा म्हणाली आणि प्रत्येक वेळी चाक थांबलं. आपण एक शब्द बोलावा आणि एवढं मोठं चाक थांबावं, याचंच तिला नवल वाटत होतं. एकदा तर तिने नुसतंच थांबा म्हणून बघितलं, आणि मग उगाच पाणी मारलं. आत्याच्या ते लक्षात आलं, पण ती बोलली नाही. हेही नवलच.

दोर पोचवायची वेळ आली तेव्हा बाबा चप्पल घालता घालता म्हणाले, "मी फाटकाशी शिपायाकडे देईन आणि तसाच परतेन. आत येत नाही. तुला उगाच..." पुढचं त्यांनी चपलेत बघत गिळून टाकलं.

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं. पोरीने वेटोळं केलेला दोर उचलला आणि खांद्यावरून आडवा घातला. "तुम्ही बसा. या हाताने कुठे निघालात? मी नेते. माझा दोर आहे."

बसमध्ये लोक दोराला आणि तिला वाट देत होते. कॉलेजच्या फाटकातून मैदानापर्यंत ती चालत गेली तेव्हा खांदा जळत होता. वास तर असा येत होता की लिंबाची अख्खी बागही कमी पडली असती. खेळाच्या सरांनी विचारलं, "कुणी दिला?"

"आम्हीच वळतो, सर. हा मी वळलाय."

"तू?" सरांनी दोर ओढून बघितला. "मागे मी वर्गात विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"तेव्हा नाही बोलले," ती म्हणाली.

मुलींचा सामना लागला. त्यांच्या वर्गाकडे एक जण कमी होती. चष्मेवाली इकडे तिकडे बघत होती आणि तिची नजर हिच्यावर थांबली. "ए, येतेस? शेवटी उभी राहा, टोकाला."

शेवटी उभं राहायची तिला सवयच होती. तिने टोक कमरेला वेढून घेतलं. शिट्टी झाली आणि पहिल्याच हिसक्याला सगळा वर्ग पुढे फरफटला. पोरी पाय पुढे रोवून मागे झुकत होत्या आणि घसरत होत्या. मागे वळून बघत होत्या, कुठे जायचं म्हणून.

"मागे बघू नका!" ती ओरडली. घराच्या त्या लांबलचक वाटेवर, या टोकाकडून त्या टोकाला जाणारा तो आवाज. मैदानावरचे सगळे वळले. वळू देत. "समोर बघा! मी सांगेन तेव्हाच पाय उचला! आधी बोटं टेकवा, मग टाच! हं, एक पाय! थांबा! हं, एक पाय!"

तिची पावलं मागे पडत गेली, न बघता, मोजूनमापून, आणि तिच्यापुढे अख्खा वर्ग तिच्या शब्दावर मागे येत गेला. दोर दोन्हीकडून करकरला, आणि तिन्ही पेडांनी सारखा भार घेतला. ते तिला कमरेत कळत होतं. समोरच्या पोरी रेषेवरून अलीकडे आल्या आणि सगळ्यांची एकच रास झाली.

हसून हसून दमल्यावर चष्मेवालीने आपले लाल झालेले तळवे नाकाशी नेले. "अगं, हा वास... हा तर आपल्या वर्गात येतो! मला वाटायचं खिडकीबाहेर गटार आहे. मी किती वेळा शिपायाला सांगितलं!"

"गटार नाही. मी असते खिडकीत. घायपाताचा वास आहे. धुतला तरी जात नाही."

"जात नाही?" चष्मेवालीने शेजारणीचे हात हुंगले, तिने तिसरीचे. बघता बघता दोन्ही वर्गांच्या पोरी एकमेकींचे हात हुंगून किंचाळत होत्या. "मग आता काय करायचं गं?"

"काही नाही. सवय होते," ती म्हणाली, आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, पण ते कुणाला कळायची गरज नव्हती.

संध्याकाळी घरी आली तेव्हा तिघंही अंगणात होते, काही तरी काम करत असल्यासारखे. बाबा डाव्या हाताने झाडू मारत होते, त्यावरूनच कळत होतं. कुणीच विचारेना. शेवटी आत्याला राहवलं नाही.

"कसा झाला गं दोर?"

पोरीने चपला काढल्या, घडवंचीवरच्या घागरीतून पाणी घेतलं, पिऊन तांब्या खाली ठेवला.

"चांगला झाला," ती म्हणाली. "मी चांगला वळलाय. आणि आई, पुढच्या वर्षीची फी भरायची तारीख बघून आलेय."

आईने मान हलवली आणि पदराने उगाच तोंड पुसलं. बाबा झाडून झालेली जागा पुन्हा झाडू लागले. आत्या कमरेवर हात ठेवून पोरीकडे बघत राहिली.

"मग आता मी हिला हाक काय मारू?" तिने विचारलं.

पोरीने स्वतःचं नाव सांगितलं, मोठ्याने, जणू आत्याला ते कुणी आजवर सांगितलंच नव्हतं.